तरुण मतदार आणि पाठ फिरवलेले पक्ष

निवडणूक संपली आणि मतदानाची टक्केवारी जाहीर झाली की राजकीय पक्षांच्या कार्यालयांत एक ठराविक विलाप सुरू होतो. तरुणांना राजकारणात रस उरलेला नाही. सुट्टी मिळाली की ते सहलीला निघतात. हातातल्या मोबाईलपलीकडचे जग त्यांना दिसत नाही. पाच वर्षांतून एक तास देशासाठी काढण्याचीही त्यांची तयारी नाही. २० मे २०२४ रोजी मुंबईत लोकसभेसाठी मतदान झाले आणि दक्षिण मुंबईत जेमतेम निम्म्या मतदारांनी मत नोंदविले, तेव्हाही हाच विलाप ऐकू आला. त्याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले होते. जंगलाचा, दुर्गम पाड्यांचा आणि बंदुकीच्या दहशतीचा हा मुलूख; पण तेथील माणसे उन्हात रांगा लावून उभी राहिली. राज्याच्या राजधानीत मात्र रांगा आखूड राहिल्या. या दोन आकड्यांतील तफावतीवर पक्षांनी जो विचार करावयास हवा होता, तो केला नाही. सुट्टी, उकाडा आणि तरुणांचा बेजबाबदारपणा एवढ्या तीन कारणांवर त्यांनी आपले समाधान करून घेतले.

उदासीनता हा तरुणांचा स्वभावदोष ठरविला की पक्षांची सुटका होते. दोष मतदाराचा असेल तर पक्षाने बदलण्याचे कारण उरत नाही. मतदाराला चार उपदेशाचे शब्द सांगितले की काम भागते. दरवर्षी २५ जानेवारीला साजरा होणारा राष्ट्रीय मतदार दिन आता याच वळणाने चालला आहे. शाळकरी मुलांच्या प्रभातफेऱ्या निघतात, शपथा दिल्या जातात, नटनट्यांची छायाचित्रे असलेले फलक लागतात. शासनयंत्रणेने हे करावे, त्यास हरकत नाही. परंतु राजकीय पक्ष म्हणजे काही जाहिरात खाते नव्हे. सामान्य नागरिकाला सार्वजनिक जीवनात आणणे, त्याच्या गाऱ्हाण्याला राजकीय भाषा देणे, त्याच्यातून कार्यकर्ता घडविणे हे पक्षाचे मूळ काम. ते काम गेल्या तीन-चार दशकांत पक्षांनी सोडून दिले, आणि ज्या लहान लहान दारांतून तरुण राजकारणात येत असे ती दारे एकामागून एक बंद होत असता ते स्वस्थ बसून राहिले. काही दारांना तर त्यांनी स्वतःच कडी लावली. तरुण पाठ फिरवून निघाला, तो त्यानंतर.

यादीबाहेरचा नागरिक

प्रारंभ मतदार यादीपासून करावा लागतो. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने एकसष्टावी घटनादुरुस्ती संमत केली आणि १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. तरुणांना राष्ट्रीय जीवनात स्थान दिल्याचा त्या वेळी मोठा गाजावाजा झाला. १९८४ साली सुमारे ६४ टक्के असलेले मतदान १९८९ मध्ये सुमारे ६२ टक्के भरले. हक्क कागदावर येतो आणि माणूस मतदान केंद्रावर येतो, या दोहोंच्या मध्ये बरेच अंतर असते आणि ते अंतर कोणीतरी चालून जावे लागते, एवढा धडा त्या पहिल्याच निवडणुकीतून घेण्यासारखा होता.

तो घेतला गेला नाही, हे पस्तीस वर्षांनंतरच्या आकड्यांवरून दिसते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी निवडणूक आयोगाने जाहीर केलेल्या माहितीनुसार १८ व १९ वर्षे वयाचे सुमारे १ कोटी ८० लाख मतदार यादीत होते. देशातील या वयाच्या मुलामुलींची अंदाजित संख्या पाहता हे प्रमाण दोन पंचमांशांहूनही कमी पडते. म्हणजे पहिल्या मताच्या उंबरठ्यावरील दर पाच जणांपैकी तिघांचे नावच यादीत नव्हते. ज्याचे नाव यादीत नाही, त्याने मत दिले नाही म्हणून त्याला उदासीन म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे.

कायद्याने वाट सोपी केली आहे. पूर्वी १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक होता. २०२१ च्या दुरुस्तीने १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिनांक झाले. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही आगाऊ अर्ज करता येतो. शिक्षणासाठी घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला गावच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, दोहोंपैकी एके ठिकाणी नाव नोंदविण्याची मुभा आहे. पण हे त्याला सांगणार कोण? बीड जिल्ह्यातून पुण्यात येऊन चार जणांत एक खोली घेऊन राहणारा, दोन वेळा खानावळीत जेवणारा आणि उरलेला दिवस अभ्यासिकेत काढणारा मुलगा घ्या. त्याचे नाव असलेच तर गावच्या यादीत आहे. मतदानाला जाण्याचा एस.टी.चा खर्च त्याच्या आठवड्याच्या जेवणाइतका होतो. गावच्या पुढाऱ्याला त्याचे मत मोलाचे वाटले तर तो गाडी पाठवितो. मग त्या गाडीत बसून येणारे मत कोणाचे, हे वेगळे सांगावयास नको. पुण्यातल्या पक्षांच्या लेखी हा मुलगा अस्तित्वातच नाही, कारण तो त्यांच्या यादीत नाही.

एके काळी पक्षाचा कार्यकर्ता वर्षभर यादी बगलेत घेऊन वस्तीत हिंडत असे. कोणाच्या घरी मुलगी अठराची झाली, कोण लग्न होऊन सासरी गेली, कोणाचे नाव गाळले गेले, हे त्याला पाठ असे. नमुना क्रमांक ६ चा अर्ज भरून देण्याच्या निमित्ताने तो घरात बसे, चहा पिई, आणि बोलता बोलता त्या घराचे दुखणे त्याला कळे. आज बहुतेक पक्षांत हे काम पैसे घेऊन सर्वेक्षण करणाऱ्या मंडळींकडे गेले आहे. त्यांना यादीत असलेल्या मतदाराची जात, वस्ती आणि कल हवा असतो. यादीत नसलेल्या माणसाला यादीत आणण्यात त्यांना रस असण्याचे कारण नाही. नवा मतदार कसा वागेल याचा भरवसा नसतो, आणि भरवसा नसलेल्या मताचे गणित मांडता येत नाही.

बंद झालेल्या शाळा

मतदान ही सवय आहे, आणि सवय लहान निवडणुकांतून लागते. महाविद्यालयाचा प्रतिनिधी, गावचा पंच, प्रभागाचा नगरसेवक अशा पायऱ्या चढत नागरिक लोकसभेपर्यंत येतो. महाराष्ट्रातील तरुणांच्या बाबतीत या पायऱ्याच काढून घेतल्या गेल्या.

महाविद्यालयीन निवडणुकांचे उदाहरण पाहावे. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्या निवडणुकांत पैसा, गुंडगिरी आणि बाहेरच्या पक्षांचा हस्तक्षेप शिरला होता, यात शंका नाही. तो हस्तक्षेप करणारे पक्ष होते. शिक्षा मात्र विद्यार्थ्यांना झाली. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच राज्यातील खुल्या निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेच्या नावाने प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी प्रतिनिधी झाला, परंतु त्याला कोणी निवडून दिले नाही आणि तो कोणाला उत्तरदायी नव्हता. २००६ मध्ये लिंगडोह समितीने उमेदवारांची वयोमर्यादा, ५,००० रुपयांची खर्चमर्यादा आणि छापील फलकांना मनाई अशा शिफारशी केल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या लागू करण्याचा आदेश दिला. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूदही परत आणली. त्यापुढची वर्षे मात्र तहकुबीत गेली. सत्तेवर आलेल्या प्रत्येक आघाडीला विद्यार्थ्यांची निवडणूक ही कटकट वाटली. परिणाम असा की तीस वर्षांच्या काळात महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी विरोधी उमेदवाराशी वाद घालणे, वर्गावर्गांतून भूमिका मांडणे, हरणे आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसणे यांतले काहीच अनुभवले नाही.

दुसरी शाळा स्थानिक स्वराज्य संस्थांची. मुंबई व पुणे महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांचे राजकीय आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात निवडणुका अडकल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. नवी मुंबईसारख्या ठिकाणी तर २०१५ नंतर निवडणूकच झाली नव्हती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खडसावल्यानंतर चक्रे हलली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी महानगरपालिकांचे मतदान झाले. हिशोब साधा आहे. २०१५ च्या एप्रिलनंतर वयाची १८ वर्षे पूर्ण करणाऱ्या नवी मुंबईच्या तरुणाने आपला पहिला नगरसेवक निवडला, तो वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. रस्ता, पाणी, कचरा, दवाखाना, नोकरीला नेणारी बस हे त्याचे रोजचे प्रश्न. आणि त्या प्रश्नांवर ज्यांना जाब विचारावयाचा ते प्रतिनिधीच दहा वर्षांच्या काळात बदलता आले नाहीत किंवा अस्तित्वातच नव्हते. या काळात किती पक्षांनी या एका मागणीसाठी रस्त्यावर धरणे धरले? न्यायालयात गेले ते गेले. बाकीच्यांची प्रशासकाशी जुळवून घेण्याची धडपड चालू होती. ज्यांनी निवडणुका न होण्यावर निभावून नेले, त्यांनीच मग तरुणांना मतदानाचे महत्त्व सांगावे, हा विनोद तरुणांच्या ध्यानात येत नाही असे मानणे भोळेपणाचे आहे.

मताची किंमत

तिसरे दार पक्षांनी स्वतःच्या हाताने लावले. २१ ऑक्टोबर २०१९ रोजी ज्याने विधानसभेसाठी आयुष्यातले पहिले मत दिले, त्याने पुढील पाच वर्षांत काय पाहिले? एकत्र मते मागितलेले पक्ष निकालानंतर वेगळे झाले. २३ नोव्हेंबरला पहाटेच्या सुमारास राजभवनात एक शपथविधी उरकला आणि ते सरकार चार दिवसांत पडले. दुसरी आघाडी सत्तेवर आली. जून २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, जुलै २०२३ मध्ये दुसरा फुटला, आणि काल ज्यांच्याविरुद्ध मते मागितली त्यांच्याच मांडीला मांडी लावून मंत्री बसले. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा, २००३ ची त्यातील दुरुस्ती, सारे जागच्या जागी होते. त्या मतदाराच्या मताचे नेमके काय झाले, याचे उत्तर त्याला कोणत्याही पक्षाने दिले नाही.

त्याच निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला २७ हजारांहून अधिक मते पडून तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. पलूस-कडेगावातही तोच दुसरा होता. या मतांमागे स्थानिक डावपेच किती आणि संताप किती, यावर वाद होऊ शकेल. पण हजारो माणसे घराबाहेर पडून, रांगेत उभी राहून, कोणालाही न देण्यासाठी मत देतात, याला उदासीनता म्हणता येत नाही. तो एक निर्णय आहे, आणि तो समोर ठेवलेल्या उमेदवारांविरुद्ध दिलेला आहे.

येथे एक आक्षेप येईल. २०२४ च्या नोव्हेंबरमधील विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. २०१९ मध्ये ते सुमारे ६१ टक्के होते. मग उदासीनतेची चिंता कशाला? टक्का वाढला ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु मतदानाच्या दिवशी यंत्रापर्यंत आणलेला माणूस दुसऱ्या दिवशी कोठे असतो, हा खरा प्रश्न आहे. थेट खात्यात पडणारी रक्कम, जातीची मोट आणि गावकीचा दबाव यांनी मत मिळू शकते. त्याने नागरिक घडत नाही. मत देऊनही सार्वजनिक जीवनापासून अलिप्त राहिलेला मतदार हा न आलेल्या मतदाराइतकाच पक्षांच्या अपयशाचा पुरावा आहे.

उदासीन कोण?

तरुणांना खरोखरच कशाचे काही वाटत नाही काय? ११ मार्च २०२१ रोजी लोकसेवा आयोगाची अवघ्या तीन दिवसांवर आलेली परीक्षा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, त्या दिवशी पुण्यातील नवी पेठेत शास्त्री रस्त्यावर हजारो परीक्षार्थी उतरले. त्यांना कोणी बोलाविले नव्हते. अभ्यासिकांतून निरोप गेले आणि रस्ता भरला. शासनाला लगेच नवी तारीख द्यावी लागली. परीक्षेच्या बदलत्या पद्धतीवरून २०२३ च्या प्रारंभी आणि परीक्षांच्या एकाच दिवशी आलेल्या तारखांवरून ऑगस्ट २०२४ मध्ये हीच मुले पुन्हा रस्त्यावर बसली. सर्व पक्षांचे नेते धावत आले, छायाचित्रे निघाली, आश्वासने दिली गेली. तारीख मिळाली आणि नेते परतले. या मुलांमागे खरा प्रश्न होता तो शासकीय भरतीचा, कंत्राटीकरणाचा, शेतीतून बाहेर पडलेल्या आणि उद्योगाने आत न घेतलेल्या एका अख्ख्या पिढीचा. त्या प्रश्नावर अभ्यासिकेच्या पायरीवर महिनोन् महिने जाऊन बसणारा पक्ष त्यांना भेटला नाही.

मुंबईत ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्यास सुरुवात झाली. बातमी कळताच तरुण मुलेमुली अंधारात तेथे पोहोचली. २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थीही होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबविली, तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. त्यानंतर दोन आठवड्यांनी विधानसभेचे मतदान होते. एका रात्रीसाठी कोठडी पत्करणाऱ्या या पिढीला एका तासाच्या रांगेचा कंटाळा येतो असे म्हणणाऱ्यांनी आधी हे कोडे सोडवावे. झाडासाठी उभे राहिल्यावर आपल्या उभे राहण्याने काही अडते, हे त्यांना दिसत होते. पक्षाच्या सभेत उभे राहिल्याने काय अडते, हे त्यांना कोणी दाखविले नाही.

पक्ष तरुणांना काय देतात ते पाहण्यासारखे आहे. मेळाव्याला गाडी, अंगावर सदरा, दहीहंडीला वर्गणी, नेत्याच्या वाढदिवसाच्या फलकावर तळाच्या ओळीत अंगठ्याएवढे छायाचित्र. सतरंज्या घालण्यापासून सतरंज्या उचलण्यापर्यंतचे काम युवक आघाडीकडे. उमेदवारी ठरविण्याच्या बैठकीत मात्र तिला जागा नाही. तरुण म्हणून ज्यांची नावे पुढे येतात त्यांतील बरीच नावे पुढाऱ्यांच्या मुलांची, पुतण्यांची, सुनांची असतात. पहिल्या लोकसभेत चाळीस वर्षांपर्यंतचे सभासद सुमारे २६ टक्के होते. २०२४ मध्ये निवडून आलेल्या सभागृहात ते सुमारे ११ टक्के आहेत, आणि सभासदांचे सरासरी वय ५६ आहे. देश वयाने तरुण राहिला आणि त्याचे प्रतिनिधी म्हातारे होत गेले. मतदानाचे वय १८ वर आणणारी घटनादुरुस्ती आणि पक्षांनी लोकशाही, धर्मनिरपेक्षता व समाजवाद यांवर निष्ठा व्यक्त केल्याशिवाय त्यांची नोंदणी होणार नाही अशी तरतूद, या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास झाल्या. पहिलीने तरुणांना मत दिले. दुसरीने पक्षांकडून लोकशाहीची शपथ घेतली, पण पक्षाच्या आत लोकशाही नसेल तर काय, हे विचारण्याचे बळ कायद्याला दिले नाही.

समाजवाद्यांचे आत्मपरीक्षण

हे सारे दोष प्रस्थापित सत्ताधारी पक्षांच्या पदरात टाकून समाजवादी कार्यकर्त्यांना हात झटकता येणार नाहीत. त्यांच्या सभांना जमणारी डोकी पाहिली तर बहुतेक पांढरी असतात. जयंती, पुण्यतिथी, स्मृतिव्याख्यान, पुस्तक प्रकाशन असा वर्षाचा क्रम ठरून गेला आहे. चुकून एखादा विशीतला मुलगा आलाच, तर त्याला १९४२ ची आणि १९७५ ची आठवण सांगितली जाते, फुटींचा इतिहास ऐकविला जातो आणि शेवटी चळवळीचे भवितव्य तुमच्या हाती आहे असे सांगून निरोप दिला जातो. उद्या सकाळी त्याने काय करावयाचे, हे कोणी सांगत नाही. तो पुन्हा येत नाही.

राष्ट्र सेवा दल १९४१ मध्ये नव्याने उभे राहिले, तेव्हा एस. एम. जोशी छत्तिशीत होते आणि शाखांवर येणारी मुले शाळा-महाविद्यालयांतली होती. त्यांना प्रथम काम मिळाले. गावात जाणे, श्रमदान, कलापथक, साक्षरता, भूमिगतांचे निरोप पोहोचविणे, आणि साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये उपोषण आरंभिले, त्याआधी त्यांच्यासोबत गावोगाव हिंडणे. विचार त्या कामातून आला आणि पक्का झाला. डॉ. लोहियांनी फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही त्रयी पक्षापुढे ठेवली होती: विधायक काम, अन्यायाविरुद्ध सत्याग्रह आणि निवडणूक. तीनही एकत्र चालली तरच पक्ष जिवंत राहतो, असा त्यामागील अर्थ होता. पुढे फावडे स्वयंसेवी संस्थांकडे गेले, तुरुंग एकेका प्रश्नाच्या आंदोलनांकडे गेला, आणि पक्षाकडे एकटी मतपेटी उरली. तीही रिकामी राहू लागली, यात नवल नाही. तरुणांपैकी ज्याला काम हवे होते तो संस्थेत गेला, ज्याला लढावयाचे होते तो आंदोलनात गेला. पक्षाकडे वळण्यास त्याला कारण राहिले नाही.

१९७३ च्या डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात खानावळीचे बिल वाढले म्हणून विद्यार्थी उठले, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. बिहारच्या विद्यार्थ्यांच्या मागे जयप्रकाशजी उभे राहिले ते त्याच वर्षी. खानावळीच्या बिलात राजकारण असते हे ओळखण्याची दृष्टी त्या काळच्या नेतृत्वापाशी होती. आजच्या खानावळींची बिले, खोल्यांची भाडी आणि अभ्यासिकांची शुल्के कोणत्या समाजवादी शाखेच्या कार्यसूचीवर आहेत?

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. तरुण आले की ते आपल्या भाषेत बोलणार, आणि ती भाषा कानाला गोड लागेलच असे नाही. १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’च्या अंकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला, तेव्हा केवढा गदारोळ उठला. दलित पँथर तेव्हा नुकतीच जन्मली होती. त्या शब्दांनी अनेक ज्येष्ठ समाजवाद्यांनाही धक्का बसला असणार. पण जागा त्यांच्याच साप्ताहिकाने दिली होती. आजची मुलगी जात, लिंगभाव, पर्यावरण यांवर जे बोलते ते ऐकताना तिची परिभाषा दुरुस्त करण्याची ज्येष्ठांची घाई होते. दुरुस्ती नंतर करता येते. दार एकदा लावले की परत कोणी ठोठावीत नाही.

करावयाचे काय?

उपाय मोठे नाहीत, कष्टाचे आहेत. पहिला उपाय यादीचा. वर्षातील चार अर्हता दिनांक हे प्रत्येक शाखेच्या दिनदर्शिकेत जयंत्यांच्या आधी लिहिले गेले पाहिजेत. शाखेच्या क्षेत्रातील कनिष्ठ महाविद्यालये, वसतिगृहे, अभ्यासिका, कारखान्यांजवळच्या खोल्या आणि ऊसतोड कामगारांच्या वस्त्या यांची नोंद करावी व तेथील सतरा-अठरा वर्षांच्या प्रत्येकाचा अर्ज भरून घ्यावा. तो आपल्याला मत देईल की नाही, हे विचारू नये. ज्या पक्षाने मोबदल्याची अट न घालता आपला हक्क मिळवून दिला, त्या पक्षाचा कार्यकर्ता दुसऱ्यांदा दारात आला तर त्याचे ऐकून घेतले जाते.

दुसरा उपाय लहान सभागृहांचा. मतदार यादीत नाव आले की खेड्यातील तरुण आपोआप ग्रामसभेचा सदस्य होतो, हे त्यांतील कित्येकांना ठाऊक नसते. गावातील पाच मुलामुलींनी पाण्याच्या योजनेचा हिशोब माहितीच्या अधिकाराखाली मागवावा, तो समजून घ्यावा आणि ग्रामसभेत उठून एक प्रश्न विचारावा. त्यासाठी लागणारा अभ्यास आणि पाठबळ पक्षाने द्यावे. शहरांत क्षेत्रसभांची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली आणि कागदावर पडून राहिली. ती अमलात आणण्याची मागणी तरुणांच्या नेतृत्वाखाली प्रभागाप्रभागांतून उठली पाहिजे. महाविद्यालयीन निवडणुकांची मागणी हीदेखील पक्षाची मागणी व्हावी, मग त्यांत निवडून येणारे विरोधी संघटनेचे का असेनात.

तिसरा उपाय सर्वांत अवघड, कारण तो ज्येष्ठांच्या खुर्चीशी निगडित आहे. विधानसभा व लोकसभेसाठी २५ वर्षांची अट आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका व जिल्हा परिषद यांच्यासाठी २१ वर्षे पुरतात. या संस्थांच्या निवडणुकांत तिशीच्या आतील उमेदवार देण्याचे आणि शाखेच्या कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा त्यांना देण्याचे बंधन पक्षाने स्वतःवर घालून घ्यावे. त्यांना चुकू द्यावे. हिशोबाची वही, सभेचा विषय आणि पत्रकाची भाषा त्यांच्या हाती द्यावी. ज्येष्ठांनी सतरंज्या उचलण्याचे काम काही दिवस स्वतःकडे घ्यावयास हरकत नाही. त्यांच्यातील कित्येकांची सुरुवात तेथूनच झाली होती.

यातून पुढच्या निवडणुकीत जागा वाढतील, असे आश्वासन कोणी देऊ नये. कदाचित वाढणार नाहीत. सत्ता, पैसा आणि प्रचारयंत्रणा ज्यांच्यापाशी आहे त्यांना तरुणांची तात्पुरती गर्दी जमविता येते आणि ती गर्दी द्वेषाच्या कामालाही लावता येते, हे गेल्या काही वर्षांत वारंवार दिसले आहे. समाजवादी पक्षाने ज्या तरुणाकडे पाठ फिरविली तो मोकळा राहत नाही. कोणीतरी त्याला हाक मारतेच. एखादा मुलगा रात्री अकराला अभ्यासिकेतून बाहेर पडून खोलीकडे चालू लागतो, तेव्हा वाटेत त्याला कोण भेटतो यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. शाखांच्या पुढील बैठकीत स्मृतिव्याख्यानाचा वक्ता ठरविण्यापूर्वी त्या अभ्यासिकेत कोण जाणार, हे ठरले पाहिजे. जो जाईल त्याने निवडणूक नसलेल्या महिन्यातही पुन्हा जावे.